आकड्यामागची खिडकी

सहकारी बँकेच्या मुख्य कार्यालयात सकाळी काउंटर उघडायच्या आधी एक तक्ता तयार लागतो. आदल्या रात्री ‘डे एंड’ झाल्यावर कुठल्या शाखेत किती नोंदी अडल्या, किती रकमा सस्पेन्स खात्यात जाऊन पडल्या, किती खात्यांना व्याज लागायचं राहिलं, त्याचा हा हिशेब. शाखा डावीकडे, अडचणींचे प्रकार वरच्या ओळीत, आणि मध्ये नुसते आकडे. तक्ता कोणी हाताने बनवत नाही. मध्यरात्रीनंतर एक स्क्रिप्ट चालते, डेटाबेसला तिचे ठरलेले प्रश्न विचारते आणि आलेली उत्तरं एचटीएमएल फाइलमध्ये लिहून ठेवते. सकाळी अधिकारी ती फाइल ब्राउझरमध्ये उघडतात आणि कामाला लागतात.

वसईपासून सिंधुदुर्गापर्यंत शाखा असलेल्या अशाच एका बँकेत डेटाबेस सांभाळणाऱ्या डीबीएकडे ही स्क्रिप्ट आली, तेव्हा ती कुरकुर न करता चालत होती. आकडेही बरोबर येत होते. अडायचं ते आकड्याच्या पुढे. एखाद्या शाखेसमोर ७ दिसले की वाचणाऱ्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: कुठल्या सात? त्याचं उत्तर त्याच फाइलमध्ये खूप खाली, शाखावार याद्यांमध्ये होतं. आकड्यावर दाबलं की पान सर्रकन खाली जायचं, यादी दिसायची, आणि परत वर यायचं म्हटलं की आपण कुठल्या ओळीवर होतो ते शोधत बसावं लागायचं. शाखांची रांग लांबलचक असली आणि हातात फोनचा रिसीव्हर असला की हे शोधणं फार जड जातं. तिने पहिल्यांदा हेच बदलायचं ठरवलं. आकड्यावर क्लिक केलं की यादी वेगळ्या छोट्या खिडकीत उघडावी आणि मूळ तक्ता जिथे होता तिथेच राहावा.

ब्राउझरला असं करायला लावणारी आज्ञा जुनी आहे. नेटस्केप नॅव्हिगेटर २.० बरोबर जावास्क्रिप्ट लोकांसमोर आली, त्या वेळेपासून ‘विंडो.ओपन’ तिच्यात आहे. या आज्ञेला तीन गोष्टी सांगायच्या असतात: काय उघडायचं, खिडकीचं नाव काय आणि तिची लांबी-रुंदी किती. बहुतेक जण मधल्या नावाकडे दुर्लक्ष करतात, पण रिपोर्टची सगळी वागणूक तिथेच ठरते. प्रत्येक क्लिकला एकच नाव दिलं तर ब्राउझर तीच खिडकी पुन्हा वापरतो, नवी यादी जुन्या यादीच्या जागी येते. नाव दिलंच नाही तर प्रत्येक क्लिकला नवी खिडकी, आणि अर्ध्या तासात टास्कबारवर त्यांचा खच. तिने शाखेच्या कोडवरून नाव द्यायचं ठरवलं. एका शाखेच्या सगळ्या क्लिकना एकच खिडकी, दुसऱ्या शाखेला दुसरी. त्यामुळे दोन शाखांमधल्या व्यवहाराची दोन टोकं शेजारी शेजारी ठेवून बघता येऊ लागली. रिकन्सिलिएशन करणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं.

यातही दोन खाचखळगे होते. आधीपासून उघडी असलेली खिडकी मोठ्या खिडकीच्या मागे गेलेली असेल, तर तिच्यात नवी यादी येऊनही वाचणाऱ्याला काही दिसत नाही. म्हणून उघडल्यावर ‘फोकस’ म्हणून तिला पुढे आणावं लागतं. दुसरा खळगा इंटरनेट एक्सप्लोररचा होता. खिडकीच्या नावात मोकळी जागा किंवा आडवी रेघ आली की तो थेट ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ म्हणून थांबायचा. शाखांच्या कोडमध्ये आडवी रेघ असणं ही अगदी नेहमीची गोष्ट. रेघेच्या जागी अंडरस्कोर टाकून ते निभावलं.

खरं काम मात्र ब्राउझरच्या अलीकडे होतं, ज्या स्क्रिप्टमधून ही एचटीएमएल जन्माला येत होती तिथे.

ओरॅकलच्या एसक्यूएल प्लसमध्ये एक सोय आहे. ‘सेट मार्कअप एचटीएमएल ऑन’ म्हटलं की क्वेरीचं उत्तर आपोआप एचटीएमएल तक्त्यात येतं. जगभरच्या डीबीए लोकांनी या एका ओळीवर हजारो रिपोर्ट उभे केले आहेत. पण ही सोय हुशार आहे. डेटामध्ये टोकदार कंस आला तर तो तक्ता बिघडवील हे तिला माहीत असतं, म्हणून ती प्रत्येक कंसाचं निरुपद्रवी रूप करून टाकते. याचा परिणाम असा की क्वेरीतून लिंक बनवून पाठवली, तर पानावर लिंकऐवजी तिचं कोडच छापलेलं दिसतं. मायक्रोसॉफ्टच्या पॉवरशेलमध्ये ‘कन्व्हर्टटू-एचटीएमएल’ वापरणाऱ्यांनाही हाच अनुभव येतो. एसक्यूएल प्लसमध्ये ज्या रकान्यात लिंक हवी, तेवढ्यापुरतं ‘एंटमॅप ऑफ’ म्हणता येतं. फक्त ते म्हटल्यावर त्या रकान्यातल्या मजकुराची राखण आता आपल्याकडे आली, हे विसरून चालत नाही.

दुसरा अडथळा अँपरसँड चिन्हाचा. वेबच्या पत्त्यात शाखेचा कोड आणि तारीख अशा दोन गोष्टी द्यायच्या तर मध्ये ते चिन्ह लागतं. एसक्यूएल प्लसला मात्र ते दिसलं की पुढचा शब्द म्हणजे भरून घ्यायची किंमत असं वाटतं आणि तो विचारत बसतो. रात्री दोन वाजता उत्तर द्यायला कोणीच नसतं. शेलमधून आज्ञा ओळीने पुरवलेल्या असतील तर तो त्यातली पुढची ओळच उत्तर समजून घेतो, आणि रिपोर्ट अशा जागी तुटतो की कारण शोधता शोधता सकाळ उजाडते. ‘सेट डिफाइन ऑफ’ ही छोटी ओळ स्क्रिप्टच्या डोक्यावर असलीच पाहिजे, असं तिने टीममधल्या प्रत्येक नव्या मुलाला सांगितलं. जोडीला आणखी दोन ओळी. लांब मजकुराच्या रकान्यातून एसक्यूएल प्लस एरवी फक्त पहिली ८० अक्षरं देतो, म्हणून ती मर्यादा वाढवायची. आणि ‘एनएलएस लँग’ युनिकोडवर ठेवायचं, नाहीतर मराठीत लिहिलेल्या नॅरेशनच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येते.

मग तो फोन आला. एका शाखाधिकाऱ्यांचा.

“मॅडम, आकड्यावर दाबतोय, पण काहीच होत नाही हो.”

“सगळ्याच आकड्यांवर, साहेब, की एखाद्याच?”

“एकच. बाकीचे उघडतात.”

एकच आकडा न उघडणं हा मौल्यवान पुरावा असतो. यंत्रणा बंद पडली तर सगळंच बंद पडतं. एकच ओळ अडली तर दोष त्या ओळीतल्या डेटाशी बांधलेला असतो. तिने फाइलचा सोर्स उघडला आणि त्या आकड्यामागचा मजकूर वाचला. यादीत पहिलं नाव एका डिसोझा आडनावाच्या खातेदाराचं होतं.

मराठीत हे आडनाव सरळ लिहिलं जातं. बँकेच्या खात्यात ते इंग्रजीत असतं आणि त्यात डी नंतर वर एक अपॉस्ट्रॉफी असते. वसई, मुंबई, गोवा या पट्ट्यात डिसोझा, डिमेलो, डिकुन्हा, डिसिल्व्हा घरोघरी आहेत. क्लिकवर चालायच्या कोडमध्ये नाव दोन एकेरी अवतरण चिन्हांच्या मध्ये ठेवलेलं होतं. नावातलं चिन्ह आलं की जावास्क्रिप्टला वाटायचं, मजकूर इथेच संपला. पुढचं ‘सोझा’ मग तिच्या लेखी निरर्थक कोड. ब्राउझर पानावर कसलीही चूक दाखवत नाही. ती कन्सोलमध्ये लिहिली जाते आणि शाखाधिकाऱ्याने कन्सोल कधी उघडलेला नसतो.

हे दुरुस्त करायचा पहिला उपाय कोणालाही सुचेल असा आहे: एचटीएमएलमध्ये त्या चिन्हाचं सांकेतिक रूप लिहायचं. पण ऑनक्लिकच्या आत हा उपाय चालत नाही, आणि का चालत नाही हे समजून घेण्यात या सगळ्या विषयाचं मर्म आहे. ब्राउझर आधी एचटीएमएल वाचतो. वाचताना सांकेतिक रूपाचं पुन्हा मूळ चिन्ह करतो. आणि मग तो मजकूर जावास्क्रिप्टच्या हवाली करतो. म्हणजे आपण लपवलेलं चिन्ह जावास्क्रिप्टपर्यंत पोहोचताना उघडंच असतं. त्याच्याही आधी एसक्यूएलची पायरी आहे, तिथे एकेरी चिन्ह दोनदा लिहावं लागतं. एकाच ओळीत तीन भाषा एकीच्या पोटात एक बसलेल्या असतात आणि प्रत्येकीचे अवतरणाचे नियम वेगळे. आतल्या भाषेसाठी आधी राखण करायची, मग बाहेरच्या. क्रम उलटला की सगळं फुकट.

तिने त्या चिन्हांशी झुंजत बसण्यापेक्षा रचनाच बदलली. क्लिकच्या कोडमध्ये डेटा ठेवायचाच नाही. आकड्यावर फक्त ओळीचा क्रमांक, डेटा-अॅट्रिब्यूटमध्ये. खरी यादी पानात एका बाजूला, जेसन रूपात. आणि संपूर्ण तक्त्यावर लक्ष ठेवणारं एकच फंक्शन, जे कुठलाही आकडा दाबला की क्रमांक वाचतं आणि त्या क्रमांकाची यादी खिडकीत मांडतं. मांडतानाही मजकूर म्हणूनच मांडतं, एचटीएमएल म्हणून नाही.

हा शेवटचा भाग डिसोझांपेक्षा मोठ्या कारणासाठी महत्त्वाचा होता. २०१६मध्ये यूपीआय आल्यानंतर बँकेच्या नोंदींमध्ये एक नवी गोष्ट मोठ्या प्रमाणात शिरली: बाहेरच्या कोणीही मोबाइलवर टाइप केलेला शेरा. पूर्वीचं नॅरेशन बँकेतला माणूस लिहायचा. आता पैसे पाठवणारा ‘भाडं’ लिहितो, ‘हॅपी बर्थडे’ लिहितो, आणि वाटलं तर कोडही लिहील. वाटेतल्या यंत्रणा अशी चिन्हं बऱ्याचदा गाळतात; पण आपल्या फाइलची राखण दुसऱ्याच्या गाळणीवर सोडणं तिला पटेना. ज्या रकान्याला ‘एंटमॅप ऑफ’ आहे, त्यात असा शेरा जसाच्या तसा आला, तर तो सकाळी बँकेच्या आतल्या संगणकावर, अधिकाऱ्याच्या ब्राउझरमध्ये चालू शकतो. रात्रीच्या साध्या रिपोर्टला सुरक्षेचा दरवाजा मानणारे फार थोडे असतात. तो दरवाजाच आहे. जेसनमध्येही एक फट राहते: मजकुरात कुठे स्क्रिप्ट टॅग बंद करणारी अक्षरं आली, तर ब्राउझर ती अवतरणात आहेत की बाहेर हे बघत नाही, स्क्रिप्ट तिथेच संपली असं धरतो आणि उरलेला डेटा पानावर सांडतो. म्हणून टोकदार कंस जेसनमध्ये युनिकोड संकेतात लिहायचा. ही फट तिला एरर लॉगच्या रिपोर्टमध्ये सापडली, कारण लॉगमध्ये कोणत्या तरी वेब पानाचा अख्खा तुकडाच येऊन पडला होता.

खिडक्या उघडू लागल्यावर मागण्या वाढल्या. सर्वांत गंभीर अडचणी असलेल्या शाखांच्या खिडक्या रिपोर्ट उघडताच आपोआप याव्यात, अशी एक सूचना वरून आली. ब्राउझरने ती मानली नाही, आणि ब्राउझरचंच बरोबर होतं असं तिचं ठाम मत आहे.

त्यामागे पॉप-अपचा सगळा इतिहास उभा आहे. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात ट्रायपॉड या संकेतस्थळावर काम करणाऱ्या एथन झुकरमन यांनी जाहिरात वेगळ्या खिडकीत उघडणारं कोड लिहिलं. जाहिरातदाराला आपलं नाव एखाद्या आक्षेपार्ह पानाला चिकटलेलं नको होतं, म्हणून जाहिरात पानापासून सुटी करण्याचा तो मार्ग होता. २०१४मध्ये ‘द अटलांटिक’मधल्या लेखात झुकरमन यांनी त्याबद्दल माफी मागितली. मधल्या वर्षांत या खिडक्यांनी लोकांना इतकं भंडावलं, की ब्राउझर बनवणाऱ्यांना त्या अडवाव्या लागल्या. मोझिलाने ही सोय आधी दिली; ऑगस्ट २००४मध्ये विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकबरोबर ती इंटरनेट एक्सप्लोररमध्ये आली आणि कार्यालयांतल्या बहुसंख्य संगणकांवर पोहोचली. तेव्हापासून ब्राउझर एकच गोष्ट बघतो: ही खिडकी माणसाने दाबलं म्हणून उघडते आहे का? दाबण्याच्या त्या क्षणाशी संबंध असेल तर उघडू देतो. पान स्वतःहून उघडू लागलं तर अडवतो आणि ‘विंडो.ओपन’ला रिकामं उत्तर देतो.

हा नियम माहीत नसला की चांगलं कोडही फसतं. दुसऱ्या एका रिपोर्टमध्ये तपशील सर्व्हरवरून आणायचा होता. क्लिक झालं की आधी सर्व्हरला विचारायचं, उत्तर आलं की खिडकी उघडायची, असा सरळ क्रम होता. कार्यालयात खिडकी उघडायची. दूरच्या शाखेत, जिथे लाइन संथ, तिथे अडायची. उत्तर यायला वेळ लागला की क्लिकचा क्षण निघून गेलेला असायचा. क्रम उलटा केला: क्लिक होताच रिकामी खिडकी उघडायची, तिच्यात ‘यादी येत आहे’ एवढं लिहायचं, आणि उत्तर आलं की तिथेच भरायचं. शाखेतल्या माणसालाही हे जास्त बरं वाटलं; आपलं दाबणं पोहोचलं हे लगेच कळतं. आणि रिकामं उत्तर आलंच तर गप्प न बसता, यादी पानावरच आकड्याखाली दाखवायची, हीसुद्धा तजवीज तिने केली.

फाइल सर्व्हरवरून न उघडता मेलमधून आली की आणखी निराळा संसार. मेलच्या मजकुरात जावास्क्रिप्ट चालत नाही; जीमेल ती काढून टाकतं, आणि आउटलुक २००७पासून मजकूर दाखवायला वर्डचं इंजिन वापरू लागलं, ज्याला क्लिकवर खिडकी उघडण्याशी काही देणंघेणं नाही. जोडपत्र म्हणून पाठवून डिस्कवरून उघडलं, तर इंटरनेट एक्सप्लोरर वर पिवळी पट्टी दाखवून स्क्रिप्ट थांबवायचा. त्यावर एक अधिकृत तोड होती: फाइलच्या सुरुवातीला, ही फाइल ‘अबाउट:इंटरनेट’वरून जतन केलेली आहे, अशी ठरावीक साच्यातली टिप्पणी लिहायची आणि त्या पत्त्याची अक्षरसंख्या म्हणून कंसात १४ हा आकडा चार अंकी रूपात द्यायचा. ती ओळ असली की फाइल इंटरनेटच्या नियमांखाली यायची आणि स्क्रिप्ट चालायची. डिस्कवरच्या फाइलला मशीनवर नको इतके अधिकार मिळू नयेत, म्हणून केलेली ही व्यवस्था. क्रोम वेगळ्या पद्धतीने सावध असतो: डिस्कवरची प्रत्येक फाइल दुसऱ्या फाइलला परकी, शेजारच्या फाइलमधला डेटा तिला वाचता येत नाही. म्हणून रिपोर्ट एकाच फाइलमध्ये संपूर्ण असावा, तपशीलासकट. मेलमधून मात्र फक्त बेरजा आणि इंट्रानेटवरच्या पानाची लिंक जाते. खातेदारांची नावं मेलमधून फिरू नयेत हाही त्यातला हेतू.

मार्च २०२२मध्ये फायरफॉक्स आणि सफारीनेही एचटीएमएलचा ‘डायलॉग’ हा घटक स्वीकारला. क्रोममध्ये तो २०१४पासून होता. २०२२मध्येच १५ जूनला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०च्या बहुतेक आवृत्त्यांवर इंटरनेट एक्सप्लोररची साथ संपवली. पानाच्या आतच उघडणारी, एस्केप दाबताच मिटणारी आणि मिटल्यावर फोकस पुन्हा त्याच आकड्यावर नेणारी चौकट आता सगळीकडे मिळू लागली. पॉप-अप अडवण्याचा प्रश्नच उरला नाही, कारण ब्राउझरच्या दृष्टीने नवी खिडकी उघडतच नाही. तिने बहुतेक रिपोर्ट डायलॉगवर नेले.

त्याच वेळी आकडे स्पॅनऐवजी बटणात ठेवले. कारण होते रिकन्सिलिएशन विभागातले एक ज्येष्ठ सहकारी. त्यांची दृष्टी अधू झाली होती आणि ते स्क्रीन रीडर लावून कीबोर्डवर काम करायचे. स्पॅनवर लावलेलं क्लिक माऊस वापरणाऱ्यालाच कळतं. टॅब दाबत गेलं तर फोकस तिथे थांबतच नाही, आणि स्क्रीन रीडर तिथे दाबण्यासारखं काही आहे असं सांगत नाही. ते इतकी वर्षं आकडा ऐकून शेजाऱ्याला यादी उघडायला सांगत होते. बटण केल्यावर एंटर पुरलं. कोडमध्ये हा बदल एका शब्दाचा होता, आणि तिच्या मते या सगळ्या उद्योगातला सर्वांत मोलाचा.

जुनी खिडकी पूर्ण गेली नाही. डायलॉग पानाच्या बाहेर नेता येत नाही, दुसऱ्या स्क्रीनवर ओढता येत नाही, आणि असे दोन डायलॉग शेजारी ठेवून दोन शाखांचा ताळा घेणं अवघड. आंतरशाखा व्यवहारांच्या रिपोर्टमध्ये म्हणून अजूनही ‘विंडो.ओपन’ आहे, शाखेच्या कोडवरून नाव दिलेल्या खिडक्यांसह.

सगळ्यात शेवटी ऑडिटर आले. कॉन्करंट ऑडिटला कागद लागतो, आणि क्लिकमागे दडलेलं काहीही कागदावर उतरत नाही. छापलेल्या प्रतीत नुसते आकडे, सह्या कशावर करायच्या? त्यासाठी ब्राउझरच्या ‘बिफोरप्रिंट’ या घटनेचा उपयोग झाला. प्रिंटची आज्ञा मिळाली की स्क्रिप्ट सगळ्या याद्या तक्त्याखाली शाखावार मांडते, सीएसएस प्रत्येक शाखेला नव्या पानावर नेतं, आणि तळाशी तयार करणारा व तपासणारा यांच्या सह्यांसाठी जागा सुटते. प्रिंट झाली की याद्या पुन्हा मिटतात आणि पडद्यावर तक्ता आहे त्या ओळीवर राहतो.